गोळीचा असर असतानाही पाय अडतो: कंपवातात औषध हालचालीच्या आखणीपर्यंत कुठवर पोहोचतं?

फिजिओ_सांगली

कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) एका शुभार्थींबद्दल, म्हणजे रुग्णाबद्दल, विचारायचं आहे. वय ६६, आजार ८ वर्षांचा. सिंडोपा प्लस (लेव्होडोपा अधिक कार्बिडोपा) सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५ आणि रात्री ९ वाजता एकेक, प्रॅमिपेक्सोल ०.५ मिग्रॅ तीनदा, पॅसिटेन २ मिग्रॅ दोनदा.

गोळी घेतल्यावर तासाभराने तपासलं तर अंगठा-तर्जनीची उघडझाप मोठी आणि जलद होते, मनगटाचा ताठरपणा उतरतो, हाताचा कंप जवळजवळ थांबतो. तरी तीन गोष्टी तशाच राहतात. खुर्चीतून उठल्यावर पहिलं पाऊल टाकायला फार वेळ लागतो. स्वयंपाकघराच्या दारात वळताना पाय जमिनीला चिकटतात. आणि ‘उठा, तांब्या घ्या, पेल्यात पाणी ओता’ असं ओळीने सांगितलं की दुसऱ्या कामापाशी अडतात. जिना मात्र न थांबता चढतात.

घरच्यांना वाटतं गोळी कमी पडते, वाढवून घ्यावी. लेव्होडोपा (मेंदूत त्याचं डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, बनतं) वेगावर काम करतं हे दिसतंच आहे. पण हालचाल आखली जाते, तयार होते आणि सुटते, त्या टप्प्यावर ते काम करतं का? करत असेल तर इथे का नाही? पाय अडणं डोस कमी पडल्यामुळे आहे की जास्त झाल्यामुळे, हे कसं ओळखायचं? आणि सराव ऑनमध्ये (गोळीचा असर असताना) घ्यावा की ऑफमध्ये (असर उतरल्यावर)? या शेवटच्या मुद्द्यावर उलटसुलट सल्ले वाचायला मिळतात.

चेतापेशी

हालचाल दिसण्याआधी मेंदूत बरीच कामं उरकलेली असतात. कोणती हालचाल करायची ते निवडणं, ती तयार ठेवणं, योग्य क्षणी सोडणं, तिला किती जोर आणि आवाका द्यायचा ते ठरवणं. कामांची मालिका असेल तर एक संपत असतानाच पुढचं तयार ठेवणं. लेव्होडोपाचा परिणाम या सगळ्यांवर सारखा नसतो. सर्वांत जास्त तो जोर-आवाक्यावर होतो, त्याखालोखाल स्वतःहून सुरू करायच्या हालचालीच्या तयारीवर. निवडीवर सर्वांत कमी होतो आणि काही वेळा उलटा होतो.

जोर-आवाक्याचं आधी, कारण तिथे पुरावा सर्वांत स्वच्छ आहे. हॅलेट आणि खोशबिन यांनी १९८० मध्ये कंपवाताच्या रुग्णांचे स्नायूंचे विद्युत-आलेख तपासले. झटकन हात वळवताना निरोगी माणसात आधी हालचाल करणाऱ्या स्नायूचा एक मोठा झटका, मग विरुद्ध स्नायूचा, मग पुन्हा पहिल्याचा, असा क्रम असतो. कंपवातातही क्रम हाच राहतो. फक्त पहिला झटका तोकडा पडतो, म्हणून हात इच्छित जागी नेण्यासाठी छोट्या झटक्यांच्या अनेक फेऱ्या लागतात. म्हणजे स्नायूंचा आराखडा शाबूत असतो आणि त्यातला जोराचा आकडा लहान पडतो. लेव्होडोपा तो आकडा वाढवतं. तुम्हाला उघडझाप मोठी झालेली दिसते ती यामुळे.

मॅझोनी, ह्रिस्टोव्हा आणि क्राकौअर यांचं २००७ चं काम याच्या जोडीने पाहावं. ठराविक वेगाने लक्ष्यापर्यंत हात न्यायला सांगितलं तर कंपवाताचे रुग्ण तो वेग अचूकता न गमावता गाठू शकले, पण त्यासाठी त्यांना निरोगी लोकांपेक्षा जास्त प्रयत्न द्यावे लागले. वेगाची क्षमता गेलेली नव्हती. जास्त जोर लावण्याकडे मेंदूचा कल कमी झालेला होता. डोपामिन हा कल ठरवतं. ‘मोठं पाऊल टाका’ एवढं म्हटल्यावर पाऊल खरोखर मोठं पडतं आणि लक्ष हटलं की पुन्हा लहान होतं, त्याचं मूळ इथे आहे.

आता तयारी. स्वतःहून करायच्या हालचालीची तयारी मुख्यतः सप्लिमेंटरी मोटर एरियात होते, यापुढे एसएमए म्हणतो. एसएमएकडून पुटामेन, तिथून ग्लोबस पॅलिडस, मग थॅलॅमस (ही तिन्ही मेंदूच्या आतली केंद्रं) आणि परत एसएमए असं हे मंडल आहे. पुटामेनचं डोपामिन आटलं की थॅलॅमसवरचा दाब वाढतो आणि एसएमए पुरेसं जागं होत नाही. १९९२ मध्ये लंडनच्या जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी पेट स्कॅनवर हे दाखवलं. रुग्णांनी जॉयस्टिक स्वतः निवडलेल्या दिशेला हलवताना एसएमएची कमी पडलेली क्रिया ॲपोमॉर्फिन (डोपामिनची नक्कल करणारं औषध) दिल्यावर वाढली. हासलिंगर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एफएमआरआयवर लेव्होडोपाचाही तसाच परिणाम दाखवला, आणि एक महत्त्वाची भर घातली: औषधाआधी बाजूचं प्रीमोटर क्षेत्र गरजेपेक्षा जास्त काम करत होतं, औषधानंतर ते शांत झालं. एसएमएचं काम शेजाऱ्यांनी अंगावर घेतलं होतं.

वेळेच्या अंगाने पाहायचं तर मेंदूच्या आलेखावर स्वेच्छेच्या हालचालीआधी साधारण एक ते दीड सेकंद हळूहळू चढणारी एक लहर दिसते. कॉर्नह्युबर आणि डीके यांनी ती १९६५ मध्ये मांडली. कंपवातात तिचा सुरुवातीचा, एसएमएशी निगडित भाग बुटका असतो, आणि डोपामिन वाढलं की तो उंचावतो. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, औषध तयारीच्या टप्प्यापर्यंत पोहोचतं.

सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये (मेंदूच्या आत खोल असलेल्या एका छोट्या केंद्रात) इलेक्ट्रोड असलेल्या रुग्णांमुळे आणखी एक थर कळला. सेकंदाला १३ ते ३० वेळा होणारी बीटा लय तिथे ऑफमध्ये फार जोरात असते. हालचाल सुरू होण्याआधी ती मोडायला हवी, पण ऑफमध्ये ती पुरेशी मोडत नाही आणि आहे तीच स्थिती धरून ठेवते. २००१ मध्ये पीटर ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लेव्होडोपाने ही लय दबते. ती जितकी दबते तितका मंदपणा आणि ताठरपणा कमी होतो, कंपाशी मात्र तिचा तसा संबंध नाही. आता काही डीबीएस यंत्रं (मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून वीज देणारी) हीच लय वाचून विजेचा जोर कमीजास्त करतात. अमेरिकेत तशा यंत्रणेला २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

जिना का चढतात? पायऱ्यांच्या कडा दिसतात, आणि बाहेरून खूण मिळाली की हालचाल दुसऱ्या वाटेने आखली जाते: पॅरायटल भाग, बाजूचं प्रीमोटर क्षेत्र, सेरेबेलम (लहान मेंदू). ही वाट पुटामेनवर तितकी अवलंबून नाही. मोकळ्या फरशीवर पाऊल केव्हा आणि किती टाकायचं हे आतूनच ठरवावं लागतं, आणि एसएमए नेमकं तिथे कमी पडतं.

मालिकेचं दुखणं वेगळं आहे. बेनेके, रॉथवेल, मार्सडेन प्रभृतींनी १९८६-८७ मध्ये कोपर वाकवणं आणि मूठ आवळणं ही दोन साधी कामं आधी सुटी, मग एकामागोमाग करायला लावली. मालिकेत मंदपणा सुट्या कामांतल्या मंदपणाच्या बेरजेहून जास्त होता आणि मधली फट लांबली होती. औषधाने सुधारणा झाली. पण करता करता आवाका घटत जाण्याचा जो प्रकार आहे, तो औषधाला सुरुवातीच्या मंदपणाइतका दाद देत नाही. तुमच्या शुभार्थींची उघडझाप दहाच्या ऐवजी तीस वेळा करून घ्या आणि शेवटच्या दहांची तुलना पहिल्या दहांशी करा.

न्यूरो_ओपीडी

वरचं सगळं मान्य. औषध लिहिणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

डोपामिन मेंदूत सगळीकडे सारखं आटत नाही. किश, शॅनक आणि हॉर्निकिविच यांनी १९८८ मध्ये मृत्यूनंतरच्या मेंदूंत मोजून दाखवलं की पुटामेनमधला, त्यातही मागच्या भागातला तुटवडा शेजारच्या कॉडेट या केंद्रापेक्षा कितीतरी जास्त असतो. कॉडेट आणि त्याखालचा व्हेंट्रल स्ट्रायटम हे निवड करणं, बेत बदलणं, चूक झाल्यावर मागे फिरणं या कामांच्या मंडलात बसतात. गोळी मात्र सगळीकडे एकाच मापाने जाते. एकाच पाटाने कोरडा वाफा भिजवायला गेलं की शेजारचा ओला वाफा तुंबतो, तसं. १९८८ मध्येच गॉथम, ब्राऊन आणि मार्सडेन यांनी ही शंका मांडली होती. रोशन कूल्स यांनी २००१ मध्ये दाखवलं की औषधावर असताना एका कामातून दुसऱ्यात जाणं सुधारतं, पण शिकलेला नियम उलटला की नवा नियम पकडणं बिघडतं आणि निर्णय उतावीळ होतात.

ओपीडीत याचं रूप असं दिसतं: ऑनमध्ये माणूस पाय नीट मागे घेण्याआधीच उठतो, धड वळण्याआधीच वळतो. हालचाल तयार होण्याआधी सुटते. पडण्याचे बरेच प्रसंग ऑनमध्येच होतात ते यामुळे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांच्यावर उतावीळपणा जास्त. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत डोपामिन ॲगोनिस्ट (डोपामिनची नक्कल करणारी ही औषधं) घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्क्यांत जुगार, अनावर खरेदी, खा-खा, लैंगिक अतिरेक यांपैकी काही ना काही आढळलं, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. शुभंकराला (काळजी घेणाऱ्याला) एकट्याने बाजूला घेऊन हे थेट विचारावं, आपणहून कोणी सांगत नाही.

आता मुख्य प्रश्न: कमी की जास्त. हात सुधारला म्हणजे पायही पूर्ण ऑनमध्ये आहेत असं धरू नका. पाय अडण्याला बऱ्याचदा हातापेक्षा जास्त मात्रा लागते. म्हणून ऑनमध्ये अडणाऱ्या माणसात तीन शक्यता असतात. पहिली, ऑन अर्धवट आहे, मात्रा वाढवली की अडणं जातं. दुसरी, मात्रा वाढवून फरकच पडत नाही. तिथे तोल आणि लक्ष सांभाळणाऱ्या ॲसिटिलकोलिन व नॉरएपिनेफ्रिनच्या यंत्रणा खचलेल्या असतात आणि डोपामिन तिथवर पोहोचत नाही. तिसरी, मात्रा वाढवली की अडणं वाढतं. ही विरळ, पण खरी. घरच्यांच्या आग्रहाने गोळी वाढवली तर याच रुग्णाचं नुकसान होतं.

उत्तर लेव्होडोपा-चाचणीतून मिळतं. ती न्यूरॉलॉजिस्टच्या देखरेखीतच व्हावी. रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तास लेव्होडोपा नाही (ॲगोनिस्ट त्याहून आधी थांबवावं लागतं, कसं ते डॉक्टर ठरवतील). सकाळी एमडीएस-यूपीडीआरएस या कंपवाताच्या मोजपट्टीचा तिसरा, हालचालींचा भाग तपासायचा, दोन्ही बाजूंना पूर्ण गोल वळायला लावायचं. मग नेहमीच्या सकाळच्या मात्रेच्या दीडपट मात्रा, आणि तासाभराने हीच तपासणी पुन्हा. मळमळीची भीती असेल तर आधी डोम्पेरिडोन. या एका सकाळीत तिन्ही शक्यता वेगळ्या होतात.

त्याआधी एक सोपी गोष्ट करा. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, उभं केल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर थबकण्यात त्याचाही हात असू शकतो. लेव्होडोपा आणि प्रॅमिपेक्सोल दोन्ही दाब उतरवतात.

या यादीत मला सर्वांत खटकतं ते पॅसिटेन. ते कंपासाठी दिलं जातं, पण ॲसिटिलकोलिन अडवतं. ६६ व्या वर्षी लक्ष, स्मृती आणि क्रमवार कामं यांवर त्याचा भार पडतो, म्हणजे ज्याची तुम्ही तक्रार करता आहात नेमकं त्यावर. उलट बाजूचा पुरावा पाहा: ॲसिटिलकोलिन वाढवणाऱ्या रिव्हास्टिग्मिनची १३० रुग्णांवरची चाचणी २०१६ मध्ये आली, त्यात चालण्यातली अनियमितता कमी झाली. पॅसिटेन एकदम थांबवू नका, काही आठवड्यांत उतरवत न्यावं लागतं. लेव्होडोपा एकदम तोडणं तर जिवावर बेतू शकतं: ताप, कडकपणा, बेशुद्धी. या शुभार्थींच्या डॉक्टरांना ‘गोळी वाढवा’ असा निरोप पाठवण्याऐवजी ‘पॅसिटेनची गरज उरली आहे का’ हा प्रश्न पाठवा.

फिजिओ_सांगली

दाब पाहिला. झोपून १३४/८०, उभं केल्यावर तिसऱ्या मिनिटाला १२६/७८, म्हणजे तो मुद्दा नाही. तीस उघडझापींत शेवटच्या दहा स्पष्ट लहान आहेत. घरच्यांनी ठेवलेल्या नोंदींत वळताना अडणं दिवसभर आहे, पण पहिलं पाऊल अडणं मुख्यतः पुढच्या गोळीच्या आधीच्या तासात आणि दुपारच्या जेवणानंतर. चाचणीची तारीख मिळेपर्यंत काय करता येईल?

चाल_आणि_तोल

नोंदी फार उपयोगी आहेत. पहिलं पाऊल आणि वळण या दोन वेगळ्या तक्रारी धरून चला, कारण पहिली घड्याळाबरोबर हलते आहे आणि दुसरी नाही.

पहिल्या पावलाचं यंत्र समजलं की सराव आपोआप ठरतो. उजवं पाऊल उचलायचं असेल तर शरीर आधी क्षणभर उजव्या पायावर दाब देतं, त्या धक्क्याने वजन डाव्यावर जातं आणि मग उजवा पाय मोकळा होतो. ही पूर्वतयारी पाऊल उचलण्याआधीच आखलेली असते. ऑफमध्ये ती तोकडी आणि लांबलेली असते. १९९७ मध्ये बर्ली-जेकब्स, होराक, नट आणि ओबेसो यांनी दाखवलं की लेव्होडोपाने ती सुधारते आणि बाहेरून इशारा दिला तरी सुधारते. पुढे २००९ मध्ये होराक यांच्याच गटाने सांगितलं की अडलेल्या माणसाचे गुडघे थरथरतात ती थरथर म्हणजे हीच पूर्वतयारी पुन्हा पुन्हा होत असते, पाऊल तिला जोडलं जात नाही.

म्हणून ‘चला, चला’ म्हणू नका आणि हात धरून पुढे ओढू नका. ओढलं की वजन पंजांवर जातं, बाजूला सरकत नाही, आणि पाय आणखी चिकटतात. क्रम असा ठेवा: पूर्ण थांबा, टाचा टेकवा, सरळ उभे राहा, डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा सावकाश डोला, ज्या पायावर वजन आहे त्याच्या विरुद्ध पायाने एकच मोठं पाऊल. एवढ्यानेही जमलं नाही तर शुभंकराने आपलं पाऊल त्यांच्या पायापुढे आडवं ठेवावं आणि ते ओलांडायला सांगावं.

फरशीवरच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या हव्यात, रंग फरशीच्या उलट, रुंदी दोन बोटं, अंतर ४० ते ५० सेंमी. त्यांच्या ऑनमधल्या पावलाची लांबी मोजून अंतर ठरवा. घरातल्या दोन फुटी टाइल्सच्या रेघा बहुतेक वयस्कांना लांब पडतात, एक फुटी फरशीच्या तोकड्या, त्यामुळे रेघांवर विसंबू नका. दारात पट्टी फक्त उंबरठ्यापाशी लावली तर नजर तिथेच खिळते. अलीकडे दोन आणि पलीकडे तीन-चार लावा, आणि नजर दाराच्या पलीकडच्या एखाद्या वस्तूवर ठेवायला शिकवा.

तालासाठी मोबाइलवरचा मेट्रोनोम पुरतो. आधी त्यांची सहज चाल मिनिटाला किती पावलांची आहे ते मोजा. विलेम्स आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या अभ्यासावरून, ज्यांचे पाय अडतात त्यांना सहज गतीपेक्षा १० टक्के कमी ताल द्यावा, न अडणाऱ्यांना १० टक्के जास्त चालतो. मिनिटाला १०० पावलं असतील तर या शुभार्थींना ९०. इथे बरेच जण चुकतात. उत्साहाने जलद गाणं लावतात, पावलं आखूड आणि घाईची होतात आणि माणूस अडतो.

वळणं: एका पायावर गर्रकन वळणं बंद. मोकळ्या जागेत इंग्रजी यू अक्षरासारखं मोठं वळण. स्वयंपाकघरात जागा नसेल तर पायाखाली घड्याळाची तबकडी धरून १२ वरून ३ वर, ३ वरून ६ वर, प्रत्येक पाऊल उचलून. वळण जितकं जलद आणि पूर्ण तितकं अडणं जास्त, म्हणून तपासताना जलद पूर्ण वळण घ्या आणि शिकवताना सावकाश तुकडे करा.

तांब्याची मालिका तोडा. उठणं हे एक काम, संपलं की मोठ्याने ‘उठलो’. मग तांब्याकडे पाहणं, धरणं, ‘धरला’. मग ओतणं. शब्द उच्चारला की पुढच्या तुकड्याला बाहेरचा इशारा मिळतो. तीन-चार तुकड्यांहून जास्त एका वेळी देऊ नका. चालताना तांब्या हातात असेल तर दोन्ही कामं एकमेकांना मारतात. किती मारतात ते मोजा: खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत बसण्याचा वेळ आधी नुसता, मग १०० मधून तीन-तीन वजा करत. फरकाला पहिल्या वेळेने भागून १०० ने गुणलं की टक्केवारी मिळते. हीच मोजणी गोळीआधी, गोळीनंतर तासाने आणि पुढच्या गोळीच्या अर्धा तास आधी, अशी तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या. तो कागद न्यूरॉलॉजिस्टला फार कामाचा असतो.

ऑन की ऑफ: ताकद, मोठ्या हालचाली, तोल, दोन कामं एकत्र, हे ऑनमध्ये. थांबा-डोला-टाका ही युक्ती आधी ऑनमध्ये पक्की करा, आणि मग जिथे आणि जेव्हा पाय खरोखर अडतात तिथेच, म्हणजे गोळीआधीच्या तासात स्वयंपाकघराच्या दारात, कंबरपट्टा धरून करून घ्या. क्लिनिकच्या मोकळ्या हॉलमध्ये शिकलेली युक्ती घरच्या दारात आपोआप उतरत नाही. पट्ट्या आणि तालही काही आठवड्यांनी निष्प्रभ होतात, रंग, जागा, आवाज बदलत राहावं लागतं.

अक्षर बारीक होत असेल तर लिहिण्यासाठी शाळेची दुरेघी वही द्या. दोन्ही रेघांना अक्षर टेकवायचं एवढीच सूचना. हाही बाहेरचा इशाराच आहे, आणि आवाका किती टिकतो याची रोजची नोंद तुमच्या हाती राहते.

गोळ्यांचा_हिशोब

दुपारच्या जेवणानंतर पहिलं पाऊल अडतं, आणि गोळी १२ ला. बहुधा जेवणाच्या जवळ पडत असेल. लेव्होडोपा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, मोठ्या अमिनो आम्लांना नेणाऱ्या वाहकावरून शोषलं जातं, आणि मेंदूत शिरतानाही तसाच वाहक लागतो. वरण, पिठलं, उसळ, दही, अंडी, मासे यांतली प्रथिनं दोन्ही ठिकाणी आडवी येतात. भरल्या पोटी गोळी जठरातच अडकून राहते हे वेगळं. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा दीड तास नंतर, पेलाभर पाण्याबरोबर. दिवसा प्रथिनं बेताची आणि रात्री जास्त ठेवता येतात, पण एकूण कमी करू नका, या आजारात वजन उतरतंच. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर हवं, लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं.

गोळ्यांच्या पाकिटावरचे आकडे घरच्यांना समजावून द्या. सिंडोपा ११० म्हणजे १०० अधिक १०, प्लस म्हणजे १०० अधिक २५, आणि २७५ म्हणजे २५० अधिक २५. दुसरा आकडा कार्बिडोपाचा. तो दिवसाला साधारण ७० ते १०० मिग्रॅ हवा, नाहीतर लेव्होडोपाचं डोपामिन मेंदूबाहेरच होतं, मळमळ वाढते आणि मेंदूला कमी मिळतं. तुमच्या शुभार्थींना चार प्लसमधून १०० मिळतात. दुकानातून त्याऐवजी ११० आली तर ४० वरच येतील, आणि लेव्होडोपा तेवढंच असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येणार नाही. कार्बिडोपासह लेव्होडोपाचं अर्धायुष्य जेमतेम दीड तास आहे. पाच-पाच तासांच्या अंतराने गोळ्या असताना शेवटच्या तासात पाय अडणं अपेक्षितच आहे. तीच एकूण मात्रा जास्त वेळांत विभागायची की एन्टाकॅपोन (लेव्होडोपाचा असर लांबवणारं औषध) जोडायचं, हे डॉक्टर ठरवतील.

दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली औषधं अवश्य तपासा. पित्तासाठीच्या राबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोलच्या काही कॅप्सूलमध्ये जोडीला लेव्होसल्पिराइड असतं, उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन. ही सगळी डोपामिनचे ग्राहक अडवतात. यातलं एखादं चालू असेल तर लेव्होडोपा वाढवणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं. झोपेसाठी किंवा रक्तदाबासाठी सर्पगंधा असलेलं काही घेत असतील तर तेही बंद करण्याबद्दल विचारा. तिच्यातलं रिसर्पिन पेशींतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. अर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ मध्ये रिसर्पिनने निश्चल झालेले ससे लेव्होडोपा देऊन हलते केले होते, आणि या आजारावरच्या औषधाचा शोध तिथून सुरू झाला.

खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण विचारून घ्याच, बरेच जण घेतात आणि सांगत नाहीत. तिच्यात खरं लेव्होडोपा असतं. २००४ मध्ये आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ३० ग्रॅमचा असर सरासरी ३५ मिनिटांत सुरू झाला, नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. म्हणजे ते चूर्ण सिंडोपाच्या जोडीला घेणं ही न मोजलेली जास्तीची मात्राच ठरते. चाचणीच्या दिवशी ते पोटात असेल तर चाचणीचं उत्तर चुकेल.

चेतापेशी

चाचणीबद्दल एक दुरुस्ती. १२ तास गोळी नसणं म्हणजे पूर्ण ऑफ नव्हे. लेव्होडोपाचा एक परिणाम तासांत उतरतो, दुसरा नियमित औषधाने दिवस-आठवडे साठत जातो आणि तितक्याच सावकाश ओसरतो. त्यामुळे सकाळच्या तपासणीत दिसणारा ऑफ मुळातल्या आजारापेक्षा सौम्य असतो, आणि चाचणीत फरक कमी दिसला तर ‘औषध लागू नाही’ असा निष्कर्ष घाईने काढू नये.

सराव ऑनमध्ये घेणार असाल तर सुधारणा कशी सांगायची याकडेही लक्ष द्या. मायकेल फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की रुग्ण औषधावर असताना बरोबर निवडीच्या शाबासकीतून जास्त शिकतात, आणि औषधाविना चुकीच्या परिणामातून. ते प्रयोग निवडीच्या खेळावर होते, चालण्यावर नव्हते. तरी ऑनमध्ये ‘हे चुकलं’ऐवजी जमलेल्या पावलावर लगेच, त्याच क्षणी ‘हे बरोबर’ म्हणणं मला जास्त सयुक्तिक वाटतं.

न्यूरो_ओपीडी

दुरुस्ती योग्य आहे. चाचणीला येताना मागच्या तीन दिवसांची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद आणा: ऑन, ऑफ, नको त्या वळवळीसह ऑन, झोप, असे चार रकाने, त्यात जेवणाच्या आणि गोळीच्या वेळा, आणि पाय अडला तिथे जागेचं नाव. वळताना अडण्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ पायांसह पूर्ण उंचीचा हवा, त्यावर गोळी घेऊन किती मिनिटं झाली ते बोलून ठेवा. तपासणीच्या खोलीत सगळ्यांचं लक्ष पायांवर असतं तेव्हा पाय बऱ्याचदा अडतच नाहीत.